घाम उन्हाचा का थायरॉईडचा?

सोलापुरात मार्च ते जून कुणी म्हणलं की घाम लई येतोय, रात्री डोळ्याला डोळा लागत नाही, छातीत धडधडतंय, तर त्याला ठरलेलं उत्तर मिळतं, ऊन वाढलंय की, ताक पी, दुपारचं बाहेर पडू नको. बहुतेक वेळा ते बरोबरच असतं, पारा ४२-४३ वर गेल्यावर धडधाकट माणूसही घामाघूम होतो. पण ह्याच उत्तराच्या आड एक आजार आपल्याकडं महिनोन्महिने लपून बसतो, तो म्हणजे वाढलेलं थायरॉईड, डॉक्टर लोक त्याला हायपरथायरॉईड म्हणतात. माझ्या सख्ख्या मावशीच्या बाबतीत तो फेब्रुवारीपासून दिवाळीपर्यंत लपला होता आणि मी स्वतः वीस वर्षं मेडिकलच्या काउंटरला उभा आहे तरी मला तो दिसला नाही, म्हणून हे सगळं जरा सविस्तर लिहितोय.

मावशी ५४ वर्षांची, पूर्व भागात राहते, घरीच मशीनवर टॉवेलच्या कडा शिवते. सहा वर्षांपासून शुगर आहे पण गोळीवर नीट कंट्रोलमध्ये होती. फेब्रुवारीपासून शुगर अचानक वाढायला लागली, पथ्य तेच, भाकरी तेवढीच, तरी वाढली, मग गोळ्या वाढवल्या. वजन आठ किलो कमी झालं, ते शुगरमुळं असं धरलं. धडधड होते म्हणून दुसरीकडं ईसीजी काढला, नाडी जरा फास्ट आहे, टेन्शन घेऊ नका म्हणून सांगितलं आणि झोपेची गोळी दिली. दिवसातून तीन-चारदा संडासला जावं लागायचं, ते पोट बिघडलंय म्हणून सोडून दिलं. अंगातून वाफा निघतात, तर पाळी जाऊन दोनच वर्षं झालीत, त्याचंच असेल. जिना चढताना मांड्यांत ताकद नाही, म्हणजे गुडघे गेले. सुईत दोरा ओवता येईना, तर चष्म्याचा नंबर बदलला असेल. आणि ह्या सगळ्यावर मावशीचं पेटंट वाक्य, "काय होत नाही रे मला, ऊन लई हाय ह्या वर्षी."

मी कुणाचं नाव घेणार नाही, घ्यायचं कारणही नाही, कारण प्रत्येकानं आपल्यासमोर आलेल्या एका तक्रारीपुरतं ठीकच केलं. चुकलं ते एवढंच की सहा तक्रारी सहा ठिकाणी सांगितल्या गेल्या आणि त्या एका कागदावर कुणीच लिहिल्या नाहीत.

नरकचतुर्दशीच्या पहाटे आम्ही सगळे उटणं लावून कुडकुडत होतो आणि मावशी फुल स्पीडच्या पंख्याखाली बसलेली. मी पंखा बंद करायला गेलो तर म्हणाली, "बंद करू नको बाळा, आंग भाजतंय." तिच्या हातात चहाची बशी होती आणि कप बशीवर टकटक वाजत होता. उन्हाचं कारण दिवाळीत चालत नाही. हात हातात घेतला तर गरम आणि ओलसर, नाडी मोजली तर बसल्या जागी ११८. पाडवा झाल्यावर रक्त दिलं, टीएसएच ०.०१ पेक्षा कमी आलं आणि टी-३, टी-४ दोन्ही चढलेले.

आता हे आकडे म्हणजे काय ते सांगतो, कारण इथंच सगळ्यात जास्त गोंधळ होतो. गळ्यात घाटीच्या खाली फुलपाखरासारखी एक ग्रंथी असते, ती थायरॉईड. ती मिठातून-अन्नातून आलेलं आयोडिन वापरून टी-४ आणि टी-३ ही दोन हार्मोन बनवते आणि ही हार्मोन अंगातल्या जवळपास प्रत्येक पेशीला सांगतात की काम किती वेगानं करायचं. आपल्याकडं यंत्रमाग सगळ्यांनी बघितलेत म्हणून तसंच सांगतो. थायरॉईड हा कारखाना समजा आणि मेंदूच्या बुडाशी वाटाण्याएवढी पिट्युटरी ग्रंथी असते, ती मुकादम. माल कमी पडायला लागला की मुकादम ओरडतो, माल भरपूर झाला की गप्प बसतो. मुकादमाचं हे ओरडणं म्हणजेच टीएसएच. म्हणून थायरॉईड वाढलं की टीएसएच कमी येतं, जवळजवळ शून्यावर जातं, कारण माल इतका झालाय की मुकादम ओरडायचंच सोडून देतो. काउंटरला कितीतरी लोक रिपोर्ट दाखवून म्हणतात, टीएसएच कमी आलंय, वाढायची गोळी द्या. नाही हो. टीएसएच कमी म्हणजे बहुतेक वेळा थायरॉईड जास्त. साधारण ०.४ ते ४ नॉर्मल धरतात, लॅबप्रमाणं थोडा फरक असतो.

पण मुकादम गप्प असताना कारखाना चालतोय कुणाच्या हुकमावर? सगळ्यात जास्त वेळा कारण असतं ग्रेव्ह्जचा आजार. डब्लिनचे डॉक्टर रॉबर्ट ग्रेव्ह्ज ह्यांनी १८३५ मध्ये त्याचं वर्णन केलं, म्हणून ते नाव. ह्यात आपल्याच शरीराची संरक्षण यंत्रणा चुकीची अँटिबॉडी तयार करते आणि ती हुबेहूब मुकादमाच्या आवाजात ओरडते, तेही दिवसरात्र, न थांबता. कारखान्याला वाटतं मुकादमच ओरडतोय, तो माल काढतच राहतो. बायकांमध्ये हा आजार पुरुषांपेक्षा कितीतरी पट जास्त दिसतो. दुसरं कारण म्हणजे ग्रंथीत तयार झालेल्या गाठी, एक किंवा अनेक, ज्या कुणाचंच न ऐकता स्वतःच्या मर्जीनं माल काढतात, हे जास्त करून उतारवयात होतं. आणि तिसरा प्रकार एकदम वेगळा आहे. त्यात कारखाना जास्त चालतच नाही, सूज येऊन गोदामाची भिंत फुटते आणि साठवलेला माल एकदम रक्तात सांडतो. व्हायरल तापानंतर गळा दुखून असं होतं किंवा बाळंतपणानंतरच्या पहिल्या वर्षात.

हा तिसरा प्रकार लक्षात ठेवा, कारण त्यात कारखाना बंद करायच्या गोळ्यांचा उपयोग नसतो, माल तर आधीच तयार होऊन सांडलाय. साठा संपला की काही आठवड्यांनी ते आपोआप उतरतं, उलट पुढं काही महिने थायरॉईड कमीच पडतं. म्हणून चांगले डॉक्टर नुसतं टीएसएच बघून गोळी देत नाहीत, अँटिबॉडीची टेस्ट किंवा थायरॉईडचा स्कॅन करायला सांगतात. स्कॅनमध्ये दिलेलं आयोडिन किंवा तसलं द्रव्य ग्रंथी किती ओढून घेते ते दिसतं, कारखाना चालू असेल तर ओढते, भिंत फुटली असेल तर ओढत नाही. लोकांना वाटतं उगाच खर्च वाढवतात, तसं नाही, कारण कळल्याशिवाय औषध ठरत नाही. आणि आपल्या घरात बाळंतीण रडायला लागली, तिला झोप नाही, केस गळतायत, धडधडतंय, की बाळंतपणाचा अशक्तपणा म्हणून डिंकाचे लाडू वाढवतात. लाडू द्या, पण एकदा टीएसएचही करा.

आता मूळ मुद्दा. थायरॉईड गळ्यात असलं तरी हा आजार गळ्याचा नाही. बऱ्याच जणांचा गळा बाहेरून सुजलेलाही दिसत नाही. तो दुसऱ्या आजारांचे कपडे घालून येतो आणि जे आजार आधीपासून आहेत त्यांनाही बिघडवतो.

सगळ्यात काळजीचं म्हणजे हृदय. हार्मोन जास्त झालं की हृदय झोपेतसुद्धा पळत राहतं, वरचं बीपी वाढतं आणि खालचं कमी होतं. तरुण माणूस हे काही दिवस सहन करतो, पण साठीच्या पुढं हृदयाच्या वरच्या कप्प्यांचा ताल तुटतो, ते नीट आकुंचन न पावता नुसते थरथरतात, ह्याला एट्रियल फिब्रिलेशन म्हणतात. वाढलेल्या थायरॉईडच्या साधारण शंभरातल्या दहा-पंधरा पेशंटना हे होतं. थरथरणाऱ्या कप्प्यात रक्त साचून गुठळी होते आणि ती सुटून मेंदूत गेली की लकवा. म्हणजे घरच्यांना दिसतो तो लकवा, पण मूळ कारण असू शकतं गळ्यात. अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅम गावच्या लोकांवरचा एक अभ्यास १९९४ मध्ये छापून आला, त्यात ६० च्या पुढच्या लोकांपैकी ज्यांचं टीएसएच ०.१ किंवा त्याहून कमी होतं त्यांच्यात दहा वर्षांत २८ टक्के लोकांना हा तालाचा आजार झाला, टीएसएच नॉर्मल असणाऱ्यांत ११ टक्क्यांना. म्हणून आजोबांची नाडी हाताला कधी लवकर कधी उशिरा, अशी बेताल लागली तर ईसीजीबरोबर टीएसएच झालंय का हे विचाराच. ह्यातली समाधानाची गोष्ट अशी की थायरॉईड ताळ्यावर आलं की बऱ्याच जणांचा ठोका परत जागेवर येतो.

इथं माझ्या धंद्यातली एक गोष्ट सांगायलाच पाहिजे. ज्यांना रक्त पातळ करायची वॉरफरिनची गोळी चालू आहे त्यांचं थायरॉईड वाढलं की त्या गोळीचा परिणाम वाढतो, रक्तस्रावाची भीती असते. आणि थायरॉईड खाली यायला लागलं की तीच गोळी कमी पडायला लागते. म्हणून त्या काळात पीटी-आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो ती टेस्ट, लवकर लवकर करावी लागते. हृदयाच्या तालासाठी अमिओडॅरोन नावाची गोळी देतात, तिचं तर उलटं नातं आहे, तिच्या वजनात ३७ टक्के आयोडिन असतं, म्हणजे २०० मिलिग्रॅमच्या एका गोळीत साधारण ७५ मिलिग्रॅम, आणि माणसाला दिवसाला लागतं फक्त १५० मायक्रोग्रॅम. ह्या गोळीनं थायरॉईड वाढूही शकतं आणि कमीही होऊ शकतं. गोळी स्वतःहून बंद करायची नाही, ती जीव वाचवणारी आहे, फक्त दर सहा महिन्यांनी थायरॉईड तपासायचं.

दुसरं, शुगर. थायरॉईड वाढलं की आतडं साखर भराभर ओढून घेतं, लिव्हर जास्त साखर बनवून रक्तात सोडतं आणि इन्सुलिन लवकर संपतं. म्हणून ज्याची शुगर वर्षानुवर्षं शहाण्यासारखी चालली होती ती कारण नसताना बिघडते. मावशीला आम्ही सगळ्यांनी किती बोललो, चोरून गोड खातेस म्हणून, आणि ती बिचारी शेंगा चटणी आणि कडक भाकरीवर दिवस काढत होती. ते बोलणं मला आजही टोचतं. तुमच्या घरात कुणाची शुगर अशी अचानक वाढली, आणि वजनही उतरतंय, तर आरोप करायच्या आधी तपासा. आणि ह्याची दुसरी बाजू अजून महत्त्वाची, थायरॉईडची गोळी सुरू झाली की शुगर खाली यायला लागते, पण शुगरच्या वाढवलेल्या गोळ्या तशाच चालू असतात, मग एक दिवस शुगर एकदम लो होऊन माणूस चक्कर येऊन पडतो. मावशीची तिसऱ्या आठवड्यात सकाळची शुगर ६२ आली होती, घरात मशीन होतं म्हणून कळलं, लगेच डॉक्टरांना फोन करून गोळी कमी केली.

हाडांचं कुणी बोलत नाही. हाड सारखं झिजत आणि भरत असतं, थायरॉईड वाढलं की दोन्ही कामं वेगात होतात पण झिजणं पुढं आणि भरणं मागं राहतं. जर्मनीत फॉन रेकलिंगहाउझेन नावाच्या डॉक्टरांनी १८९१ मध्येच अशा पेशंटची हाडं कीड लागल्यासारखी पोखरलेली असतात हे लिहून ठेवलंय. पाळी गेलेल्या बाईची हाडं तशीही ठिसूळ व्हायला लागलेली असतात, त्यात हे, म्हणजे साधं बाथरूममध्ये घसरली तरी खुब्याचं फ्रॅक्चर. आणि मांड्यांची ताकद जाते ती वेगळीच, उकिडवं बसून हात न टेकता उठता येत नाही. ही गुडघ्याची तक्रार नसते, गुडघ्याला तेल चोळून ती जात नाही.

तरुण पोरांच्या बाबतीत एक विचित्र प्रकार होतो, तो आशियाई पुरुषांत जास्त दिसतो, वय वीस ते चाळीस. दिवसभर राबून झालेलं असतं, रात्री लग्नात जिलेबी-भात दाबून जेवण होतं, गाढ झोपतो आणि पहाटे उठायला बघतो तर पाय उचलत नाहीत. शुद्धीवर असतो, बोलतो, कळतं सगळं, पण कमरेखाली ताकदच नाही. घरचे म्हणतात लकवा झाला, कुणी म्हणतं बाहेरचं काहीतरी आहे. खरं तर रक्तातलं पोटॅशियम एकदम पेशींच्या आत गेलेलं असतं आणि स्नायू लुळे पडलेले असतात, त्याच्या मागं वाढलेलं थायरॉईड असतं, जे त्याला स्वतःलाही माहीत नसतं. उतारा-बितारा करण्यात एक मिनिट घालवू नका, सरळ हॉस्पिटलला न्या, पोटॅशियम फार खाली गेलं तर हृदयाचा ताल बिघडून जीव जाऊ शकतो. वेळेत पोटॅशियम मिळालं तर पोरगं बहुतेक त्याच दिवशी पायावर उभं राहतं आणि थायरॉईड ताळ्यावर ठेवलं की हे अटॅक थांबतात.

मनाचं सांगायचं तर वाढलेलं थायरॉईड माणसाला चिडकं, रडकं, अस्वस्थ करतं, विचार पळत राहतात, एका जागी बसवत नाही. घरातली बाई अशी वागायला लागली की तिच्या स्वभावावर जातात सगळे, आणि मला ह्याचं फार वाईट वाटतं. नुसतं टेन्शन आणि थायरॉईड ह्यात फरक ओळखायला एक-दोन साध्या खुणा आहेत. टेन्शनमध्ये हात गार आणि घामेजलेले असतात, थायरॉईडमध्ये गरम आणि घामेजलेले. टेन्शनवाल्याची नाडी झोपेत खाली येते, थायरॉईडवाल्याची गाढ झोपेतही फास्टच राहते. दोन्ही हात समोर ताठ करून बोटं पसरायला सांगा आणि वर पेपरचा कागद ठेवा, कागदाची कड थरथरताना दिसते. ह्या खुणांवरून आजार पक्का होत नाही, पण तपासायला जायला त्या पुरेशा आहेत.

म्हाताऱ्या माणसांत मात्र ह्यातलं काहीच दिसत नाही कधीकधी. हात थरथरत नाहीत, चिडचिड नाही, उलट ते गप्प गप्प होतात, जेवण तुटतं, वजन उतरत जातं, थकवा, आणि घरचे म्हणतात वय झालं. किंवा कॅन्सरच्या तपासण्या सुरू होतात. त्या तपासण्या करायच्या असतील तर करा, त्यात टीएसएच घाला एवढंच.

डोळे ही ग्रेव्ह्जची खास खूण. डोळ्यामागचे स्नायू आणि चरबी सुजून डोळे पुढं आल्यासारखे दिसतात, टक लावून बघितल्यासारखे, आत खडे टोचतात, पाणी येतं, कधी एकाचे दोन दिसतात. आपल्याकडं बिडी-सिगारेट ओढणारे कमी नाहीत म्हणून स्पष्ट सांगतो, धूम्रपानानं हा डोळ्यांचा त्रास होण्याची शक्यताही वाढते, तो जास्त वाईटही होतो आणि औषधाला दादही कमी देतो. ग्रेव्ह्ज निघालं त्या दिवशी बिडी सोडायची, दुसरा काही हिशोब नाही. रंग फिके दिसायला लागले किंवा नजर कमी झाली तर त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरकडं जायचं, नसेवर दाब आलेला असू शकतो.

आणि ग्रेव्ह्ज हा शरीर स्वतःवरच उलटण्याचा आजार असल्यामुळं तसलेच दुसरे आजार त्याच माणसात किंवा त्याच्या घराण्यात निघू शकतात, अंगावरचं कोड, लहानपणी होणारा टाईप-१ डायबेटिस, बी-१२ न पचल्यामुळं होणारा रक्तक्षय, आमवात, गव्हाचा त्रास होणारा सिलिॲक. मावशीच्या आईच्या, म्हणजे माझ्या आजीच्या हातांवर कोड होतं. तेव्हा कुणी ह्या दोन गोष्टी जोडल्या नव्हत्या.

मूल होत नाही, सारखं गर्भपात होतो, पाळी अगदी थोडी येते, ह्यामागंही हे असू शकतं. गरोदरपणात तर फार जपायला लागतं, आईच्या त्या अँटिबॉडी नाळेतून बाळापर्यंत जातात आणि बाळाचं थायरॉईड वाढू शकतं. थायरॉईड खाली आणायची कार्बिमाझोल ही नेहमीची गोळी पहिल्या तीन महिन्यांत शक्यतो टाळतात, बाळात व्यंग येण्याचा धोका असतो, तिच्याऐवजी पीटीयू नावाची देतात. म्हणून गोळ्या चालू असतील आणि मूल हवं असेल तर आधी डॉक्टरांना सांगा, आणि दिवस गेले असं कळलं तर गोळी स्वतःहून बंद न करता त्याच दिवशी फोन करा.

उपचार तीन आहेत. पहिला गोळ्यांचा, कार्बिमाझोल किंवा मेथिमाझोल, ग्रेव्ह्जमध्ये साधारण १२ ते १८ महिने, आणि धडधड थांबवायला सुरुवातीला प्रोप्रानोलॉल, जी दमेकऱ्यांना चालत नाही, तेव्हा दमा असेल तर आधीच सांगा. दुसरा किरणोत्सारी आयोडिनचा, एक घोट किंवा कॅप्सूल, थायरॉईडला आयोडिनची इतकी ओढ असते की ते सरळ तिथंच जाऊन बसतं आणि आतून ग्रंथी शांत करतं. बोस्टनमध्ये १९४१ साली हे पहिल्यांदा पेशंटला दिलं, म्हणजे ८० वर्षांच्या वरचा अनुभव आहे, उगाच घाबरायचं नाही, फक्त गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांना देत नाहीत आणि डोळ्यांचा त्रास जास्त असेल तर विचार करून देतात. तिसरं ऑपरेशन. किरणोत्सारी आयोडिन आणि ऑपरेशन, ह्या दोन्हींनंतर बहुतेकांचं थायरॉईड कमी पडतं आणि मग रोज सकाळी थायरॉक्सिनची गोळी घ्यायला लागते, ती घेणं त्या मानानं सोपं आहे.

पण कार्बिमाझोलबद्दल एक गोष्ट मी प्रत्येक पेशंटला पाकिटावर पेननं लिहून देतो. क्वचित, अगदी क्वचित, ह्या गोळीनं रक्तातल्या जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी एकदम संपतात, बहुतेक पहिल्या तीन महिन्यांत. त्याची खूण म्हणजे ताप आणि घसा दुखणं. आता ताप आणि घसा म्हणलं की आपल्याकडं लोक माझ्यासारख्याच्या दुकानात येऊन गोळ्या मागतात, हवा बदललीय म्हणतात. कार्बिमाझोल चालू असताना ताप-घसा आला तर पुढची गोळी घ्यायची नाही, त्याच दिवशी सीबीसी, म्हणजे रक्तातल्या पेशी मोजायची टेस्ट, करायची आणि डॉक्टरला दाखवायचं. रविवार असला तरी. पेशी नॉर्मल निघाल्या तर गोळी परत सुरू, काही बिघडत नाही.

अजून एक, जे बघून मला खरंच राग येतो. वजन कमी करायला शेजारणीची थायरॉक्सिनची गोळी घ्यायची. शेजारणीचं थायरॉईड कमी आहे म्हणून तिला ती लागते, तुमचं नॉर्मल आहे आणि तुम्ही वरून घेतली तर वर लिहिलेलं सगळं, धडधड, हाडं, हृदयाचा ताल, तुम्ही स्वतः ओढवून घेताय. वजन उतरतं त्यात स्नायू जातात. ज्यांना ही गोळी डॉक्टरांनी दिलीय त्यांनीही वर्षानुवर्षं तोच डोस न तपासता ओढू नये, वय वाढलं, वजन उतरलं की तोच डोस जास्त होऊ शकतो.

तपासायला जाताना उपाशी जायची गरज नाही. मात्र केसांच्या-नखांच्या गोळीत बायोटिन असतं, त्यानं काही मशीनवर टीएसएच खोटं कमी आणि टी-४ खोटं जास्त दिसतं, म्हणजे आजार नसताना रिपोर्ट आजाराचा. ती गोळी दोन-तीन दिवस आधी बंद ठेवा आणि लॅबवाल्याला सांगा. सिव्हिलला जा नाहीतर खाजगीत जा, पण सगळ्या तक्रारी एका कागदावर लिहून न्या, कधीपासून, वजन किती होतं आणि आता किती, बसल्या जागची नाडी किती, कुठल्या गोळ्या चालू. आणि थायरॉईड आधीच वाढलेलं माहीत असलेल्या माणसाला जोराचा ताप, नाडी १४० च्या पुढं, उलट्या-जुलाब आणि बरळणं असं एकत्र सुरू झालं, विशेषतः गोळ्या मध्येच सोडल्यावर किंवा मोठ्या इन्फेक्शननंतर, तर ती इमर्जन्सी आहे, त्यात तास मोजायचे असतात, दिवस नाही.

मावशीची नाडी आता ७६ ते ८० असते. सहा किलो वजन भरून आलंय, शुगरची गोळी परत पहिल्या डोसवर आलीय, सुईत दोरा चष्म्याशिवाय नाही पण एका झटक्यात जातो. टीएसएच मात्र बरेच महिने खालीच राहिलं, टी-४ नॉर्मल झाल्यावरही, आणि ती घाबरली होती की औषध लागू पडत नाही, तर तसं नसतं, इतके दिवस गप्प बसलेल्या मुकादमाला परत बोलायला वेळ लागतो. म्हणून सुरुवातीला टी-३, टी-४ बघायचे, टीएसएच मागून येतं. ह्या वर्षी उन्हाळ्यात एकदा म्हणाली, "लई गरम होतंय रे," आणि घरातले सगळे एकदम तिच्याकडं बघायला लागले, मी उठून नाडी धरली, ८४ होती, बाहेर ४३ डिग्री होतं. पुढची तपासणी डिसेंबरअखेर, सोलापूरच्या सिद्धेश्वरांच्या गड्डा यात्रेच्या आधी, म्हणजे नंदीध्वजाच्या मिरवणुकीला तासनतास उभं राहायचं का नाही ते रिपोर्ट बघून ठरवू असं तिनं कबूल केलंय.